कुरडयांची होडी

प्रत्येक माणसाच्या आत एक समुद्र असतो, असं थोर माणसं सांगून गेली आहेत. आमच्या घरमालकांचा समुद्र आत मावला नसावा, कारण त्यातली होडी बाहेर, जालन्यात मस्तगडला, त्यांच्या घराच्या गच्चीवर ठेवलेली होती. चैत्र लागला की घरमालकीण त्या होडीत कुरडया वाळत घालत.

मी तेव्हा इथल्या एका कॉलेजात इतिहास शिकवायला आलो होतो आणि गच्चीला लागून असलेली खोली मला भाड्याने मिळाली होती. घरमालकांना सगळी गल्ली काका म्हणे, म्हणून मीही म्हणू लागलो. खोली दाखवताना त्यांनी नळाला पाणी किती दिवसांनी येतं, पंखा चालतो की नाही, यातलं काहीच सांगितलं नाही. फक्त एक प्रश्न विचारला.

"सर, पोहता येतं का?"

"नाही."

"हरकत न्हाई. गच्चीवर सहसा गरज पडत न्हाई."

ते विनोद करत होते की सूचना देत होते, हे पुढे इतकी वर्षं तिथे राहूनही मला ठरवता आलं नाही.

काका मूळचे धावड्याचे. धाकटा भाऊ अजून तिथे शेती करतो. काका शिकून बांधकाम खात्यात लागले आणि नोकरीच्या शेवटी शेवटी कुणा साहेबाशी वाजल्यामुळे त्यांची बदली थेट कोकणात, समुद्रकाठच्या एका गावात झाली. खात्याच्या दृष्टीने ही शिक्षा होती. काकांना ती शिक्षा असल्याचं शेवटपर्यंत समजलं नाही. निवृत्त होऊन परत आले तेव्हा लोकांना वाटलं, काजू आणतील, कोकम आणतील. काकांनी ट्रकवर घालून होडी आणली. फायबरची, निळी, तिघं जेमतेम बसतील एवढी. अंगणात जागा नव्हती, म्हणून गल्लीतली माणसं लावून दोरांनी ती गच्चीवर चढवली. मी राहायला गेलो तोवर गल्लीला ती दिसेनाशी झाली होती. पाण्याच्या टाकीकडे कोण बघतं?

होडीच्या अर्ध्या भागावर काकूंचा ताबा होता. काठांवर आडव्या फळ्या टाकून, त्यावर जुनं लुगडं पसरून त्या कुरडया घालत, मग सांडगे, मग मिरच्या. उरलेल्या अर्ध्या भागात, टोकाकडच्या फळीवर, काठीला बांधलेल्या छत्रीखाली काका बसत. हातात गरी. गरी म्हणजे दोरी आणि टोकाला गळ. काठी-बिठी काही नाही, सगळी मासेमारी बोटांवर. दोरीच्या टोकाला शिशाचा तुकडा बांधून ती ते गच्चीच्या कठड्यावरून खाली गल्लीत सोडत.

"काय लागतं काका?" मी पहिल्यांदा विचारलं.

"काई न्हाई. सराव करून राह्यलो."

"कशाचा?"

"तांबोशीचा."

तांबोशी हा समुद्रातला मासा. तांबडा, मोठ्या डोळ्यांचा. तो खडकाळ तळाशी राहतो आणि काकांच्या म्हणण्यानुसार पावसाळ्यापूर्वी, समुद्र ताटातल्या पाण्यासारखा निवांत असतो तेव्हा, होडीतून गरीने धरावा. जालन्यातून समुद्राला जायचं तर अर्धा महाराष्ट्र आडवा कापावा लागतो. काकांना हे अंतर अडचणीचं वाटत नसे. त्यांचं म्हणणं, मासा पाण्यात असतो हा गैरसमज आहे, तो बोटात असतो. बोट तयार असलं की मंग पाण्याचं बघता येतं.

त्या दोरीने उन्हाळाभर बरंच काही वर आणलं. खाली भाजीवाली आली की काकू वरून ओरडत, "अवो, गळाला पिशवी लावा!" आणि मेथी, कोथिंबीर, वांगी असा माल वर येई. खालचा शिंपी कधीमधी गळाला चिंधी अडकवून हळूच दोन झटके देई. काका डोळे मिटूनच सांगत, "हा शिंपी हाय. तांबोशी असा झटका देत न्हाई. ती आधी विचारती." एकदा कुणाचा तरी चष्मा आला. तो कुणाचा, हे कळेपर्यंत काकांनी वापरला.

त्यांचं सगळं तत्त्वज्ञान या दोरीवरून आलेलं होतं. "ओढायचं न्हाई," ते म्हणत. "त्याला वाटलं पायजे, वर जायचा विचार त्याचाच हाय." हे सूत्र ते कशालाही लावत. मुलीचं लग्न, साहेबाची मर्जी, गॅसचं सिलिंडर. सिलिंडरच्या बाबतीत त्यांनी अजिबात ओढाओढ केली नाही, आणि त्या उन्हाळ्यात आम्ही बरेच दिवस चुलीवरची भाकरी खाल्ली.

दुपारी गल्ली निपचित पडे. कूलरांची घरघर, लांब औद्योगिक वसाहतीकडून लोखंडावर लोखंड आदळल्याचा एखादा आवाज, आणि बाकी नुसतं पांढरं ऊन. मी खोलीच्या दारात ओला टॉवेल डोक्यावर घेऊन पेपर तपासत बसलेला असे. त्या उन्हात समोरच्या गच्च्या हलू लागत. काळ्या टाक्या खालून सुटल्यासारख्या, हळूच वरखाली होताहेत असं वाटे. मस्तगडाची घरं एकामागून एक झुळझुळत किनाऱ्याला येत आणि मागे सरत. अशा वेळी होडीतल्या काकांकडे पाहिलं की तेच काय ते स्थिर दिसत. मी शंकेखोर माणूस आहे. उष्म्याने हवेचे थर तापतात आणि प्रकाश वाकतो, हे मला ठाऊक आहे. तरीही एकदोनदा मी पाय वर घेऊन बसलो होतो, हे नोंदवून ठेवतो.

अशाच एका दुपारी त्यांनी मला ती हकिकत सांगितली. एरवी ते ती कुणालाही सांगत, पण शेवट गाळून.

"वैशाख होता," ते म्हणाले. "तिथला एक म्हातारा मला घेऊन गेल्ता होडीत. हीच होडी, मंग त्याच्याकडूनच घेतली. समुद्र असा, की आवाजच न्हाई. म्हातारा म्हणला, साहेब, बोलू नका, बोट ऐकू द्या. मंग लागली. हे बगा, हितं दोरी घासली." तर्जनीवर एक पांढरी रेघ होती. "वढली न्हाई. येऊ दिली. आधी काईच दिसत न्हाई बरं का. मंग लय खाली कुटंतरी गुलाल सांडल्यावानी दिसतं. मंग तो गुलाल वर येतो, वर येतो, अन् त्याला डोळे असतात."

"मग?"

"मंग काय. आणली खोलीवर. हातभर होती. वट्यावर ठिवली अन् बसलो तिच्यापुढं." त्यांनी दोरी जरा सैल सोडली. "दाखवायला कोणीच न्हवतं. दिली शेजाऱ्याला."

कोकणात ते एकटेच राहिले होते. काकूंच्या सासूबाई इथे अंथरुणाला खिळलेल्या, त्यामुळे काकूंना हलता येत नव्हतं. दर उन्हाळ्यात काका फोनवर म्हणत, "या साली येच," आणि दर उन्हाळ्यात सासूबाई नेमक्या त्याच सुमाराला जास्त आजारी पडत. सासूबाई गेल्या तेव्हा काकांच्या निवृत्तीचा कागद आला होता. काकूंनी समुद्र पाहिला नाही तो नाहीच.

"मला दाखवता आला न्हाई म्हून घरी घिऊन आले," काकू म्हणत. "समुद्र राह्यला तिथंच. त्याचं भांडं आणलं."

तर काकांची इच्छा एवढीच होती, की बायकोने त्या होडीत, पाण्यावर, एकदा बसावं. आणि काकूंनी त्या इच्छेला एक अट घातलेली होती. ती अट मी स्वतः अनेकदा ऐकली आहे. काका म्हणत, "औंदा धावड्याच्या तलावावर नेतो होडी. बसशील का?" काकू कुरडई उलटवत उत्तर देत, "तांबोशी दाखवा. मंग बसते." काका पुन्हा गरी खाली सोडत. एखाद्या राजकन्येने घालावी तशी ही अट होती. फरक इतकाच, की राजकन्येचे गुडघे दुखत नसत.

एकदा काका दवाखान्यात गेले असताना काकू माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"सर, तुमच्या मोबाइलात दिसंल का ते?"

"काय?"

"त्येच. ह्यांना दाखवा म्हणलेली ती. माझी सवत."

मी तांबोशीचं छायाचित्र काढून दिलं. त्यांनी चष्मा चढवला आणि मोबाइल लांब धरून बराच वेळ पाहिलं. बोटाने मोठं करायला मी शिकवलं, तर डोळा, कल्ला, पाठीवरचे काटे असं सगळं तपासून पाहिलं. मुलगी दाखवायला आणल्यासारखं.

"डोळे तेवढे मोठे हायत," शेवटी म्हणाल्या. "रंग गोड हाय. ह्यांना सांगू नका, मी बघितली म्हून."

मी सांगितलं नाही.

मग एका वर्षी काकांचा मुलगा पुण्याहून आला आणि वरचा मजला बांधायचं ठरलं. त्याला माझी हरकत असण्याचं कारण नव्हतं, मला नोटीस मिळाली होती. होडीला मात्र कुठे जायला जागा नव्हती. मुलाने तीही व्यवस्था केली. बायपासवर एक फॅमिली रेस्टॉरंट निघत होतं. मालकाला दाराशी ठेवायला काहीतरी हटके हवं होतं. होडीत बर्फ भरून त्यात शीतपेयांच्या बाटल्या खोचायच्या, अशी कल्पना. सोमवारी टेम्पो येणार होता.

काकांनी वाद घातला नाही. फक्त भावाला फोन लावला. "तलावात पाणी किती हाय रे?" पलीकडून उत्तर आलं ते मला कठड्यापाशी ऐकू आलं. भाऊ शेतकरी माणूस, जोरात बोलतो. "वैशाखात किती असनार, दादा? म्हशी बसत्यात एवढं हाय!"

"पुरे," काका म्हणाले. "रविवारी येऊन राह्यलो." फोन ठेवून ते काकूंकडे वळले. "ह्येच शेवटचं हाय बरं का."

काकू मिरच्या गोळा करत होत्या. "माझं म्हणनं काई बदललं न्हाई," त्या म्हणाल्या. "बिलकुल."

रविवारी सकाळी होडी खाली उतरवायला गल्ली जमली. अशा प्रसंगी गल्लीत एक निवृत्त मुख्याध्यापक आपोआप उगवतात. त्यांनी "सागराची लेक सासरहून माहेरी निघाली आहे" अशी सुरुवात केली. होडी निघाली होती धावड्याला आणि तिथून बायपासला, पण त्यांना ते कुणी सांगितलं नाही. मग वॉर्डातल्या एका पुढाऱ्याने काकांनी त्या दिवसापुरत्या ठरवलेल्या टेम्पोला नारळ फोडला, होडीला हार घातला आणि जालन्यातही बंदर होऊ शकतं, फक्त इच्छाशक्ती पाहिजे, असं सांगितलं. टाळ्या झाल्या. शिंप्याने काकांच्या हाताला धरून विचारलं, "काका, आता मी चिंधी कुटं लावू?" काकांनी त्याला जवळ घेतलं. दिवसभरातलं तेवढंच एक भाषण मला समजलं.

तलाव धावड्यापासून जरा आत, डोंगराच्या पायथ्याशी आहे. पाणी मागे सरून मधोमध जमलं होतं. उघड्या पडलेल्या गाळात भावाने काकडी लावली होती. कडेच्या चिखलाला भेगा, त्यापुढे ओला चिखल, मग म्हशी, आणि मग पाणी. भावजयीने बाभळीखाली सतरंजी टाकली. काकू तिच्यावर तलावाकडे पाठ करून बसल्या आणि धपाट्यांचा डबा उघडला.

काका आणि मी होडीत बसलो. वल्ही माझ्याकडे. इतिहासाच्या माणसाने वल्हवू नये. होडी सारखी मागे बघत होती. तरी कशीबशी मध्यावर आली. डोंगर पाण्यात उलटा पडलेला. वारा नाही. काकांनी बाजारातून खास सुकट आणली होती, ती गळाला लावून सोडली आणि डोळे मिटले. आता ते बोलणार नाहीत, हे मला माहीत होतं. मी पाण्यात बघत बसलो. पाणी जिथे संपत होतं तिथे आकाशाचा तोच पांढरट रंग सुरू होत होता आणि आम्ही त्या दोहोंच्या मध्ये कुठेतरी टांगलेले होतो. मस्तगडच्या गच्चीवरची दुपार कुणीतरी इथे आणून आडवी पसरली होती. किती वेळ गेला, सांगता येणार नाही. घड्याळ भिजू नये म्हणून मी ते काकूंकडे दिलं होतं.

काही लागलं नाही. काठावरून भाऊ ओरडला, "दादा, आमच्या माशांला सुकट कळत न्हाई! कनीक लावा, कनीक!"

कणीक नव्हती. माझ्या खिशात मात्र काकूंनी निघताना कागदात बांधून दिलेलं धपाटं होतं. काकांनी त्याचा तुकडा मोडला, त्यातली मिरची बाजूला काढली, तुकडा लाळेने मळून गळाला लावला आणि सोडला.

त्यांच्या तर्जनीवरची पांढरी रेघ हलली. त्यांनी ओढलं नाही. मी पाण्यात पाहत होतो. आधी काहीच नाही. मग खाली, मातकट पाण्यात, काहीतरी तांबूस. मी गेल्या काही वर्षांत ज्या ज्या गोष्टींवर विश्वास ठेवला नव्हता त्या सगळ्या मला त्या क्षणी खऱ्या वाटल्या.

वर आली ती वीतभर चिलापी. धरणा-तलावातला, बाजारात ढिगाने मिळणारा मासा. रंगाला राखाडी. पण तिच्या गळ्यापोटाला लालसर झाक होती. विणीच्या दिवसांत नरांना अशी लाली चढते, असं मी नंतर वाचलं. त्या उन्हात ती झाक चांगली दिसत होती.

आम्ही दोघं तिच्याकडे बघत राहिलो.

"काका," मी हळूच म्हणालो, "तांबोशीच म्हणा. इथं कुणी पाहिलीय?"

त्यांनी माशाच्या तोंडातला गळ सोडवला. मी होडी वळवली. काठ जवळ येत गेला तसं बाभळीखाली हालचाल दिसू लागली. भाऊ चिखलात उतरला होता. भावजय उभी राहिली होती. काकू पदर खोचून पाण्याच्या कडेपर्यंत आल्या होत्या आणि कपाळावर हात आडवा धरून होडीकडे बघत होत्या. काकांच्या हातात मासा धडपडत होता, तो त्यांनी छातीशी धरला.

होडी चिखलाला टेकली.

"हीच का ती?" काकूंनी विचारलं.

काकांनी माशाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. गच्चीवरच्या सगळ्या दुपारी, सगळ्या मेथीच्या जुड्या, शिंप्याचे सगळे झटके, सगळं त्या एका शब्दावर येऊन थांबलं होतं. उद्या रेस्टॉरंटचा टेम्पो येणार होता. मी त्यांच्या पाठीला कोपराने ढोसलं.

"न्हाई," काका म्हणाले. "चिलापी हाय ही."

भाऊ खाली बघू लागला. काकूंनी पुढे होऊन मासा हातात घेतला. मोबाइल धरला होता तसाच लांब धरून डोळा पाहिला, कल्ला पाहिला, पाठीवरचे काटे पाहिले. मग पोट वर करून पाहिलं. माझ्याकडे त्यांनी एकदाच पाहिलं, आणि ते पुरेसं होतं.

"डोळे बारके हायत," त्या म्हणाल्या. "पन लाल हाय ना?"

"जराशी," काका म्हणाले.

"मंग मला नाव घिऊन काय करायचंय. सरका तिकडं."

मासा भावजयीच्या हातात गेला. चपला चिखलात राहिल्या. मी उतरलो, भावाने एक हात धरला, मी दुसरा, आणि काकू "अगं आई, अगं आई" करत होडीत चढल्या. ज्या फळीवर इतकी वर्षं कुरडया वाळल्या त्याच फळीवर पुढे तोंड करून बसल्या. दोन्ही हातांनी काठ घट्ट धरला. डोळे मिटले होते. काका समोर, वल्ही घेऊन.

"लांब नेऊ नका," त्या म्हणाल्या.

"न्हाई नेत."

होडी सुटली. डोंगर पुन्हा पाण्यात पडला होता, आणि त्यावरून ती निळी होडी, आवाज न करता, सरकत निघाली. बऱ्याच वेळाने काकूंनी एक डोळा उघडला. मग दुसरा. काठावरचा एक हात सोडून बोटं पाण्यात बुडवली आणि तशीच ठेवली.

"समुद्र असाच असतो?"

"असाच," काका म्हणाले. "जरासा मोठा."

"अन् खोल?"

"लय खोल."

पाणी गुडघ्याइतकं होतं. काकांची वल्ही गाळात रुतून बसली होती आणि मागून होडी मी आणि त्यांचा भाऊ ढकलत होतो.